छोट्या स्पेसशिपला रंग कुठला द्यायचा? पहिला ताफा रंगवणाऱ्यांसाठी

टेबलावर खेळायच्या सायन्स फिक्शन गेममधली छोटी स्पेसशिप घेतलीत, कुणी थ्रीडी प्रिंट करून घेतलीत, कुणी बाहेरून मागवलीत, आणि आता ते राखाडी रेझिनचे सात-आठ तुकडे टेबलावर मांडून तुम्ही बघत बसलाय की यांना रंग काय द्यायचा. बहुतेक नवीन लोक इथंच अडकतात. ब्रश कसा धरायचा, वॉश (खाचांत सोडायचा पातळ रंग) कसा मारायचा याचे व्हिडिओ ढिगानं मिळतात, पण रंग ठरवायचे कसे हे कुणी बसून सांगत नाही, आणि खरं तर अर्धं काम तिथंच होतं किंवा बिघडतं. म्हणून हे लिहितोय. मी सोलापुरात राहतो, त्यामुळं सामान आणि हवामान इथलं धरून सांगणार आहे.

माझा पहिला ताफा नऊ जहाजांचा होता. अंतराळ काळं, म्हणून जहाजं गडद निळी आणि काळी, वर थोडी चंदेरी रेघ. हातात धरून, टेबल लॅम्पखाली बघितली की फार भारी दिसायची. मग खेळायला मित्राकडं गेलो, त्यानं काळं कापड अंथरलं होतं, वर ट्यूबलाइट. जहाजं मांडली आणि तो समोरून म्हणाला, "कुठायत बे तुझी जहाजं, दिसंनात की." त्याचं बरोबर होतं. क्रूझर (मोठं लढाऊ जहाज) कुठली, फ्रिगेट (लहान लढाऊ जहाज) कुठली, तोंड कुणीकडं आणि शेपूट कुणीकडं, मलाच वाकून बघायला लागत होतं. नऊच्या नऊ परत रंगवली.

माझे मामा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सूत रंगवायच्या कामाला होते. त्यांना जहाजं दाखवली तर ते म्हणाले, "अरे, जवळनं बघितलंस, लांबनं बघितलंस का?" आणि पलंगावरची चादर उचलून खिडकीला टांगली आणि मला पार दारापर्यंत मागं जायला सांगितलं. सोलापुरी चादर आयुष्यभर अंगावर घेतली पण अशी कधी बघितली नव्हती. रंग मोजून दोन-तीन, आणि तरी नक्षी दारातून स्वच्छ दिसते, कारण एक रंग उजळ आहे आणि एक गडद. चादर उलटी केली की नक्षी तीच राहते, रंगांची अदलाबदल होते, जे गडद होतं ते उजळ होतं, आणि तरी नक्षी तेवढीच उठून दिसते. म्हणजे नक्षी दिसते ती लाल आहे की निळी आहे म्हणून नाही, तर शेजारच्या रंगापेक्षा उजळ किंवा गडद आहे म्हणून. मी आज जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी हे ठरवा: कुठून बघणार, कशावर बघणार

रंगाचा विचार करायच्या आधी टेबलाचा विचार करा. जहाज खेळताना दोन-तीन फुटांवरून दिसतं, ते पण वरून. खालची बाजू जवळजवळ कुणी बघत नाही. म्हणजे तुमची सगळी मेहनत वरच्या बाजूला आणि मागच्या इंजिनांना गेली पाहिजे. आणि खाली कापड किंवा मॅट काळी असेल, स्पेसच्या गेमला बहुतेक काळीच किंवा गडद निळी असते, तर जहाजाचा मुख्य रंग त्याच्यापेक्षा स्पष्ट उजळ पाहिजे. काळं जहाज करूच नका असं नाही, करा, पण मग कडांना उजळ राखाडी आणि वर एखादा मोठा उजळ पट्टा लागणारच.

अजून एक, स्केलचा परिणाम. समजा जहाज पाच सेंटिमीटरचं आहे आणि गेममध्ये ते पाचशे मीटर लांब मानलंय, तर स्केल झालं एकास दहा हजार. हे तुम्ही अर्ध्या मीटरवरून बघताय म्हणजे खरं जहाज पाच किलोमीटरवरून बघितल्यासारखं. पाच किलोमीटरवरची टेकडी कधी गर्द हिरवी दिसते का? फिकट, निळसर दिसते. अंतराळात हवा नाही, तिथं तसा धूसरपणा येणार नाही हे खरं, पण बघणारी नजर पृथ्वीवरची आहे, तिला लांबचं मोठं जहाज फिकटच पटतं. म्हणून बाटलीतला जो रंग आवडला त्यापेक्षा एक-दोन शेड उजळ घ्या. नेव्ही ब्लू आवडला तर मधला निळा, बाटली ग्रीन आवडला तर शेवाळी.

मग हे जहाज कुणाचं आहे ते ठरवा

याला लोक वेळ देत नाहीत आणि मग लाल-निळा-हिरवा सगळं एकाच जहाजावर येतं. एक वाक्य लिहा फक्त. "हे सरकारी नौदल आहे, शिस्तीचं, नवीन." किंवा "ही खाणवाल्यांची जहाजं आहेत, वीस वर्षं वापरलेली." तेवढ्यानं अर्धे रंग आपोआप गळतात. नौदल म्हटलं की राखाडीच्या छटा, एक ठळक पट्टा, नंबर नीट. खाणवाले म्हटलं की पिवळा किंवा केशरी, जेसीबीसारखा, आणि त्यावर गंज, खरचटलेलं. प्रवासी जहाज करायचं असेल तर आपल्या एसटी स्टँडवर जाऊन दहा मिनिटं उभं राहा. लाल परी लांबून ओळखू येते, हिरवी-पांढरी निमआराम पण लांबून ओळखू येते, पाटी वाचायच्या आधी कळतं कुठली गाडी. तुमच्या ताफ्यातली मालवाहू आणि लढाऊ जहाजं अशीच ओळखू आली पाहिजेत.

खऱ्या अंतराळयानांकडं पण बघा, तिथं प्रत्येक रंगाला कारण असतं आणि ते कारण उचललं की आपलं जहाज खरं वाटायला लागतं. अमेरिकेच्या स्पेस शटलची ती मोठी बाहेरची टाकी, १९८१ च्या पहिल्या दोन उड्डाणांना पांढरी रंगवलेली होती, नंतर रंग देणंच बंद केलं, नुसत्या रंगाचं वजन साधारण २७२ किलो वाचलं. मग आतला फोम उघडा राहिला, तो उन्हानं केशरी होत जातो, आणि तीच केशरी टाकी सगळ्यांच्या डोक्यात बसली. त्याच शटलचं पोट काळं आणि पाठ पांढरी का, तर परत येताना तापणाऱ्या पोटाला काळ्या टाइल्स, त्या उष्णता बाहेर फेकतात, आणि कक्षेत ऊन परतवायला वरच्या बाजूला पांढऱ्या. चंद्रावर जाणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटवर काळे-पांढरे ठोकळे रंगवले होते ते रॉकेट स्वतःभोवती किती फिरतंय हे लांबून कळावं म्हणून. हे ठोकळे छोट्या जहाजावर फार सुंदर बसतात, नवीन माणसाला तर मी हेच सुचवीन, सोपं आहे आणि दोन फुटांवरून कडक दिसतं.

आणि आपलं चंद्रयान-३. २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं तेव्हा आमच्या गल्लीत पण फटाके वाजले होते. त्याच्या लँडरवर जे सोनेरी चकचकीत गुंडाळलेलं दिसतं ते सोनं नव्हे, ते उष्णतेपासून वाचवणाऱ्या पातळ फिल्मचे थर असतात, फिल्मचा स्वतःचा रंग मधासारखा पिवळट आणि मागं ॲल्युमिनियमचा थर, म्हणून सोनेरी दिसतं. हे रंगवायचं असेल तर नुसता गोल्डन मारू नका, देवाच्या मखरासारखं दिसतं. आधी पिवळट तपकिरी, मग पातळ तपकिरी वॉश, वाळल्यावर गोल्डनचा हलका ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवायचा. आणि सगळ्या जहाजावर नको, एखाद्या टाकीला किंवा पोटाच्या भागाला पुरे.

डॅझल पट्टे करायचा मोह खूप जणांना होतो. पहिल्या महायुद्धात, १९१७ पासून, ब्रिटिश जहाजांवर वेडेवाकडे काळे-पांढरे-निळे पट्टे रंगवायला लागले, नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराची कल्पना. जहाज लपवायचा हेतू नव्हता, पाणबुडीतून बघणाऱ्याला ते कुठल्या दिशेनं आणि किती वेगानं चाललंय हे चुकावं हा होता. दिसतं अप्रतिम, पण विचार करा, जे शत्रूला चुकवायला केलं तेच टेबलावर तुम्हाला पण चुकवणार. पहिल्या ताफ्याला नको. नंतर एखाद्या मोठ्या जहाजावर करा.

तीन रंग, चौथा नाही

आता रंग निवडा. एक मुख्य, जहाजाचा साधारण ६० टक्के भाग. दुसरा साथीचा, ३० टक्के. तिसरा ठिपक्याएवढा, १० टक्के, तो एकदम वेगळा पाहिजे. मुख्य आणि साथीच्या रंगात उजळ-गडदचा फरक ठेवा, आणि तिसऱ्यात रंगाचा फरक ठेवा. फिकट राखाडी, गडद राखाडी, आणि केशरी. मोतिया पांढरा, विटकरी, आणि आकाशी. शेवाळी, काळपट तपकिरी, आणि पिवळा. इंजिनाचा उजेड आणि धातूचे भाग मी यात मोजत नाही, पण इंजिनाचा रंग तिसऱ्या रंगाशी जुळला किंवा त्याच्या बरोब्बर उलटा असला की छान दिसतं, म्हणजे केशरी पट्टा असेल तर निळं इंजिन.

रंग सुचत नसतील तर चादरीच्या दुकानात जा, खरंच सांगतोय. थप्प्या लावलेल्या असतात, त्यातल्या ज्या थप्पीवर तुमची नजर आधी जाते तिचा फोटो काढा (विचारून काढा, कुणी नाही म्हणत नाही). त्यात रंगांचं प्रमाण पण आयतं मिळतं, जमिनीचा रंग किती, नक्षीचा किती, किनारीचा किती. माझा सध्याचा ताफा मोरपंखी जमीन, पिवळट पांढरी नक्षी आणि किनारीला मरून अशा एका चादरीवरून आलाय, जहाजावर मात्र पांढरा मुख्य केला आणि मोरपंखी साथीला, म्हणजे चादरीची उलटी बाजू.

आता मोबाइलची युक्ती, हिच्यावाचून मी एकही जहाज रंगवत नाही. निवडलेले तीन रंग कागदावर शेजारी शेजारी लावा, फोटो काढा, आणि फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा. तिन्ही वेगळे दिसले तर स्कीम पास. दोन एकसारखे राखाडी झाले तर ते टेबलावर पण एकमेकांत मिसळणार, मग त्यातला एक उजळ करा किंवा गडद करा. लाल आणि हिरवा इथं हमखास मार खातात, डोळ्याला केवढे वेगळे वाटतात आणि फोटोत बघावं तर जुळे भाऊ.

रंगाला हात लावायच्या आधी झेरॉक्स

जहाजाचा वरून फोटो काढा, पेन्सिलनं बाह्यरेषा आणि मोठे पॅनेल उतरवून घ्या, आणि त्या कागदाच्या दहा झेरॉक्स मारा. मग पोरांचे स्केचपेन घेऊन बसा. पट्टा उभा की आडवा, नाक रंगवायचं की पंख, सगळं इथं चुकून घ्या, झेरॉक्सला काय खर्च येतो. लांबट जहाजाला लांबीच्या दिशेनं पट्टा दिला की ते वेगवान वाटतं, आडवा दिला की जड आणि मालवाहू वाटतं. रंगाची हद्द शक्यतो पॅनेलच्या खाचेवर संपवा, मोकळ्या सपाट जागेवर सरळ रेघ मारणं नवीन हाताला जड जातं, खाच असली की ब्रश आपोआप थांबतो.

नाकाला उजळ ठिपका किंवा पट्टा द्याच, जहाजाचं तोंड लगेच कळतं. आणि एका प्रकारच्या जहाजांना एकसारखी खूण, फ्रिगेटला एक पट्टी, डिस्ट्रॉयरला (मधल्या आकाराच्या लढाऊ जहाजाला) दोन, क्रूझरला तीन. मुख्य जहाजाला मात्र सगळ्यांपेक्षा वेगळं करायची गरज नाही, त्याच तीन रंगांची अदलाबदल करा. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत बघा, पांढऱ्या बाराबंदीतली (बंद बांधायच्या अंगरख्यातली) एवढी माणसं आणि त्यातून नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) चालले की नजर बरोब्बर तिकडंच जाते, कारण बाकी सगळं एकसारखं आहे. ताफा एकसारखा ठेवला की मुख्य जहाज आपोआप उठतं.

सामान

इथं फार बोलत नाही. परदेशी मिनिएचर रंग ऑनलाइन मिळतात आणि चांगले असतात, पण पहिल्या ताफ्याला फेविक्रिलच्या १५ मिलीच्या ॲक्रिलिक बाटल्या चालतात, नवी पेठेत स्टेशनरीच्या दुकानात मिळून जातील. ते जाडसर असतात म्हणून पाणी घालून ताकाइतके पातळ करायचे आणि दोन-तीन कोट द्यायचे, दह्यासारखा जाड एकच कोट दिला की पॅनेलच्या खाचा भरून जातात आणि त्या परत उघडत नाहीत. पोस्टर कलर घेऊ नका, तो वाळल्यावर पण पाण्यानं विरघळतो, वरून वॉश मारला की खालचा सगळा निघून येतो. ब्रश तीनच, सिंथेटिक, गोल, शून्य नंबर, दोन नंबर, आणि ड्रायब्रशला एखादा जुना झिजलेला. प्रायमरला, म्हणजे रंगाच्या आधी द्यायच्या थराला, हार्डवेअरच्या दुकानात गाडीचा राखाडी स्प्रे मिळतो, रेझिनवर चांगला बसतो, पण प्लास्टिकच्या किटला आधी, किटचे भाग ज्या फ्रेमला जोडून येतात तिच्या तुकड्यावर मारून बघा, जाड बसला तर त्यातलं थिनर प्लास्टिक खाऊ शकतं.

रंगांबद्दल एक इशारा. पिवळा, लाल आणि पांढरा हे झाकणारे रंग नाहीत. काळ्यावर पिवळा मारला की तो मेंदीसारखा हिरवट होतो, आणि सहा कोट देऊन पण हट्ट सोडत नाही. पिवळं जहाज करायचं तर प्रायमर पांढरा घ्या किंवा खाली फिकट तपकिरी द्या. आणि मुख्य रंग कधीही दोन बाटल्या मिसळून बनवू नका, तो सरळ बाटलीतूनच घ्या. सहा महिन्यांनी दोन जहाजं वाढवाल तेव्हा तीच छटा परत हाताला लागत नाही. मामा म्हणायचे, रंगाचा एक घाणा संपला की दुसरा तंतोतंत तसा काढणं हीच खरी कारागिरी. आपल्याकडं ती नाही, आपल्याकडं बाटली आहे.

आता रंगवा, पण घड्याळ आणि हवा बघून

रेझिनचं जहाज असेल तर आधी साबणाच्या पाण्यानं जुन्या टूथब्रशनं घासून धुवा आणि पूर्ण वाळवा, चिकट राहिलं तर रंग साल सुटल्यासारखा निघतो. मग प्रायमर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो, दुपारी गच्चीवर स्प्रे मारला तर थेंब जहाजापर्यंत पोचायच्या आधीच वाळतात आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो. सकाळी सातच्या आत उरका, सावलीत, वारा नसताना, तोंडाला मास्क लावून. पावसाळ्यात उलटं दुखणं, दमट हवेत वार्निश (रंग टिकवायला शेवटी द्यायचा पारदर्शक थर) मारलं की त्यावर पांढरट धुकं बसतं. पाऊस चालू असेल त्या दिवशी वार्निशच्या डब्याला हात लावू नका.

उन्हाळ्यात रंग पॅलेटवरच वाळतो, त्याला उपाय सोपा आहे, जेवणाच्या डब्याच्या झाकणात ओला टिश्यू पेपर, वर बटर पेपर, त्यावर रंग काढायचा, झाकून ठेवला की दुसऱ्या दिवशी पण चालतो.

क्रम असा. आधी मुख्य रंग सगळीकडं. मग साथीचा रंग त्याच्या पॅनेलवर. मग वॉश, म्हणजे काळपट तपकिरी किंवा गडद निळा रंग भरपूर पाण्यात पातळ करून, खाचांमध्ये सोडायचा, सगळ्या अंगाला फासायचा नाही, नाहीतर उजळ निवडलेला रंग मळकट होतो आणि सगळी मेहनत परत अंधारात जाते. वॉशला बोअरचं पाणी वापरू नका, वाळल्यावर क्षारांची पांढरी कड सुटते, फिल्टरचं घ्या. वॉश वाळला की मुख्य रंगात थोडा पांढरा मिसळून, ब्रश जवळजवळ कोरडा पुसून, कडांवरून हलका फिरवा. एवढ्या लहान जहाजावर ट्यूबलाइटची सावली स्वतःहून नीट पडत नाही, म्हणून वरच्या कडा उजळ आणि पोट गडद हे आपल्यालाच करावं लागतं.

तिसरा रंग सगळ्यात शेवटी, आणि हात आखडता ठेवून. दोन ठिकाणी पुरे, फार तर तीन. इंजिनाच्या नळीत आधी रंग, मग मधोमध तोच रंग पांढरा मिसळून, आणि अगदी आत शुद्ध पांढरा ठिपका. बरेच जण उलटं करतात, कडेला पांढरा आणि मध्ये गडद, मग ते पेटलेलं न वाटता भोक वाटतं. खिडक्या टूथपिकच्या टोकानं, पिवळट पांढऱ्या, आणि एका रांगेत मोजक्या. जितके ठिपके बारीक तितकं जहाज मोठं वाटतं.

आधी एकच जहाज पूर्ण करा, सगळ्यात लहान. ते काळ्या कापडावर ठेवा, खोलीतला नेहमीचा दिवा लावा, दारापर्यंत मागं जा आणि बघा. तोंड कळतंय? पट्टी मोजता येतेय? कापडातून सुटं दिसतंय? तिन्हीला हो आलं तरच बाकीच्यांना हात लावा, आणि मग ती एकेक करून नाही, सगळ्यांना एक रंग, मग सगळ्यांना दुसरा, म्हणजे छटा सारखी राहते आणि वेळ पण वाचतो. बाटल्यांची नावं, कुठल्या क्रमानं लावल्या, वॉशला किती थेंब रंग आणि किती थेंब पाणी, हे कागदावर लिहून जहाजांच्या डब्यातच ठेवा, मोबाइलमध्ये नको, मोबाइल बदलतो. आणि स्टँडचा बेस साधा काळा, मॅट. त्यावर तारे-ग्रह काढत बसलात तर नजर जहाज सोडून खाली जाते.